साइट बांधायला किती वेळ, सांगायला किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रपूर तालुक्यात घरची दीड एकर वायगाव हळद. दिवसा कृषी केंद्रात हिशेबाचं काम, रात्री आठ ते दहा मोकळा वेळ, तोही लाइन असली तर. जूनपासून वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार साधनावर, ही हळद विकायची साइट बांधणं चालू आहे, दिवाळी गेली तरी ती ‘पूर्ण’ झालेली नाही. एक जण म्हणतो आधी साइट चकाचक करा, दुसरा म्हणतो वीस टक्के वेळ बांधण्यात घाला आणि ऐंशी टक्के प्रचारात. मग रोजच्या दोन तासांची वाटणी करायची कशी? आणि शेवटी एक ओळ, जवळजवळ जाताजाता लिहिलेली: ‘साइट अजून कोणालाच दाखवली नाही, अर्धवट पाहून हसतील.’

मी वर्धा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी 2012 पासून लोकांच्या साइट बनवतो. दुकानात झेरॉक्स आहे, लग्नपत्रिका आहेत, सातबाऱ्याच्या प्रिंटाही निघतात, आणि मधल्या वेळात साइटचं काम. त्यामुळे वेळ नसणं म्हणजे काय ते मला कळतं. पण तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मला वाटलं, खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. वाटणीचा मुद्दा नंतर येतो. पाच महिन्यांत तुम्ही शंभर टक्के वेळ बांधण्यात घातला आहे, कारण बांधताना कोणी ‘नको’ म्हणत नाही.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, माझंही तसंच होतं. मेनूचा रंग बदलला की दोन सेकंदात डोळ्यासमोर फरक दिसतो आणि काम केल्याचं समाधान मिळतं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला तर तो म्हणू शकतो, ‘भाव जरा जास्त आहे.’ रात्री आठ वाजता थकून बसलेला माणूस दोन्हींपैकी काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

2014 मध्ये वरुडकडच्या एका संत्रा उत्पादक गटाची साइट मी केली होती. त्याच वर्षी नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे हा माल याच भागातला अशी सरकारी नोंद, मिळालेला, सगळ्यांचा उत्साह दांडगा. आंब्या बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात, म्हणून ऑगस्टमध्ये हात घातला. पहिल्या पानावर फांदीवरून संत्री घरंगळत येतात असा स्लायडर, म्हणजे सरकत्या चित्रांची पट्टी, हवा होता. त्यात तीन आठवडे गेले. मग गटातल्या सतरा जणांचे फोटो, सगळे फेट्यात. एकाचा फोटो राहिला म्हणून तो रुसला, त्याची समजूत काढण्यात आणखी आठवडा. साइट उघडली तेव्हा अर्धा माल व्यापाऱ्यानं बागेतच मोजून नेला होता. पहिली ऑर्डर आली ती गटाच्या अध्यक्षांच्या साळ्याची, पुण्याहून, दोन पेट्या.

त्यातही खरी चूक माझी, आणि ती पाच महिन्यांनी कळली. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ नावाच्या पानावर एक छोटा चौकोन असतो. त्यावर टिक केली की गूगलला सांगितलं जातं, ही साइट तुझ्या यादीत घेऊ नको. काम चालू असताना मी ती टिक केली होती आणि काढायची विसरलो. म्हणजे आम्ही दुकान सजवलं, फटाके लावले आणि शटर खालीच ठेवलं. हे पाच महिने कळलं नाही, कारण साइट कोणी शोधतंय का हे पाहायलाच आम्ही गेलो नव्हतो. पहिल्या आठवड्यात दहा परक्या माणसांना ‘गूगलवर गटाचं नाव टाकून पाहा’ एवढं सांगितलं असतं तरी त्याच दिवशी उघडं पडलं असतं. तुम्ही आज उठून तो चौकोन आधी पाहा, बाकीचं नंतर वाचा.

म्हणून काय, आधी नुसता प्रचारच करत सुटायचं? त्याचाही अनुभव आहे. ओळखीच्या एका कुटुंबानं घरच्या तिखट-मसाल्याची साइट घाईघाईत उभी केली. भाच्यानं व्हिडिओ काढला, तो इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये वाऱ्यासारखा फिरला. दोन दिवसांत लोक साइटवर आले, फॉर्म भरले आणि वाट पाहत बसले. फॉर्ममधले ईमेल साइट बनवणाऱ्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते, तो तर पुण्याला नोकरीला लागलेला. तीन आठवड्यांनी त्याला दिसले. तोवर लोकांनी ‘फसवाफसवी आहे’ असं एकमेकांना सांगून झालं होतं. गावात एकदा असं बोललं गेलं की ते पुसायला वर्ष लागतं.

या दोन्ही ठोकरांतून मी एक नियम धरला आहे आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही तोच लावतो. साइट किमान चालती झाली की त्यानंतर एक नवी गोष्ट बांधायची, ती दहा माणसांना दाखवायची, आणि दाखवल्याशिवाय दुसऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही. यात तासांचा हिशेब ठेवावाच लागत नाही. गोष्ट छोटी असेल तर दाखवण्याची पाळी लवकर येते, मोठी असेल तर उशिरा. आणि स्लायडरसारखं काही मनात आलं की आपोआप विचार येतो, हे दहा जणांना दाखवून मी त्यांना विचारणार काय?

‘किमान चालती’ म्हणजे किती? तुमच्यासाठी सांगतो. एकच पान. वर हळदीचा एक खरा फोटो, तुमच्याच अंगणात वाळत घातलेल्या हळकुंडांचा, नेटवरून उचललेला नको. किलोचा भाव, टपालखर्च धरून. हळकुंडं आणि दळलेली असे दोन्ही. गावाचं नाव, तुमचं नाव. आणि व्हॉट्सॲपचं बटण, जे दाबलं की तुमच्याशी थेट बोलणं सुरू होतं. पैसे यूपीआयनं. ऑनलाइन पेमेंटची मोठी यंत्रणा आत्ता लावू नका. तिला केवायसी लागते, परताव्याचे नियम लिहिलेली पानं लागतात, आणि त्यात तुमचा अख्खा डिसेंबर जाईल. वीसेक ऑर्डरी फोनवर हाताळा, मग ठरवा. तुमची साइट या मापाच्या कितीतरी पुढे गेलेली दिसते. म्हणजे आज रात्रीपासून तुमची दाखवायची पाळी आहे.

दाखवायचं कसं, हे जरा जवळून सांगतो, कारण इथे बहुतेकांची गडबड होते. ‘माझी साइट पाहा, कशी वाटली?’ असं विचारलं की माणूस म्हणतो, ‘छान आहे भाऊ.’ त्याचा उपयोग शून्य. मी काय करतो, गिऱ्हाइकाला सोबत घेऊन आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसतो. ओळखीच्या बाईमाणसाच्या हातात, तिच्याच फोनवर, लिंक पाठवतो आणि तोंड बंद ठेवतो. मागच्या वर्षी असंच एका हळदवाल्याचं पान एका मावशींना दिलं. आधी वर्तुळ फिरत राहिलं. फोनवर फोर-जी लिहिलेलं, पण बाजाराच्या दिवशी टॉवरवर अख्खा तालुका लोंबकळलेला असतो. मावशींनी फोन बाजूला ठेवला, अर्धा कप चहा घेतला, पुन्हा पाहिला. फोटो आला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, आणि विचारलं, ‘हे हळकुंडं व्हय का पिसेल हळद?’ मग, ‘उकळेल हाय का कच्चीच वाळवेल?’ मग, ‘माह्या पोरीले नागपूरले पाठवता का?’ साइटवर ‘आमच्याविषयी’ नावाचं दीड पानी निवेदन होतं, आजोबांपासूनचा इतिहास. मावशींनी ते अंगठ्यानं सर्र करून वर सरकवलं.

तीन प्रश्न आणि एक सरकवलेला मजकूर. त्या शेतकऱ्याचं पुढच्या महिन्याचं बांधकाम त्यातून ठरलं. फोटो हलका करायचा, कारण फोनच्या कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला होता. तो दीडशे-दोनशे केबीवर आणला. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं फुकटचं साधन आहे, पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं ते सांगतं. आपल्याकडच्या नेटवर्कवर हे जमवायचं तर फोटोचं वजनच आधी धरावं लागतं. दुसरं, हळद उकळून, पंधराएक दिवस उन्हात वाळवून, पॉलिश करून देतो हे चार ओळींत आणि तीन फोटोंत लिहायचं. पाच किलो ओल्या हळदीतून जेमतेम किलोभर सुकी निघते हेही त्यातच टाका. भाव जास्त का, याचं उत्तर गिऱ्हाइकाला न विचारता मिळतं. तिसरं, कुठे कुठे पाठवतो आणि किती दिवसांत पोचते.

एक साधी वही ठेवा. डाव्या बाजूला लोकांनी काय विचारलं, उजव्या बाजूला त्यावर साइटवर काय केलं. एकच प्रश्न तीनदा आला की तो बांधायच्या यादीत. एकदाच आला तर फोनवर उत्तर द्या आणि सोडून द्या. बांधणं आणि सांगणं ही दोन वेगळी खाती आहेत असं आपण समजतो, म्हणून वाटणीचा प्रश्न पडतो. या वहीत ती एकाच पानावर येतात.

आता हंगामाकडे येतो, कारण तुमच्या वाटणीवर सर्वात जास्त जोर त्याचा आहे. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते, उकळून-वाळवून मार्च-एप्रिलमध्ये विकायला तयार. आपल्याकडे वर्षभराचं तिखट-हळद करून ठेवतात ते याच उन्हाळ्यात. म्हणजे गिऱ्हाईक ज्या दोन-अडीच महिन्यांत हळद घ्यायला बसलेलं असतं, त्यात साइटला हातही लावू नका. तेव्हा फक्त फोन, पार्सल आणि उत्तरं. मार्चमध्ये थीम, म्हणजे साइटचं रूप, बदलणारे मी पाहिले आहेत, ते पेरणीच्या दिवशी वखर दुरुस्त करणारे.

पण गूगलचं गणित उलटं चालतं. शोधात वर यायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, असं गूगलकडूनच सांगितलं गेलं आहे. नवं पान त्यांच्या यादीत यायलाही काही दिवसांपासून काही आठवडे जातात. म्हणून मार्चमध्ये ज्या पानानं काम करावं असं वाटतं, ते आत्ता नोव्हेंबरात चढलेलं पाहिजे. पान चढलं की गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, साइट जोडा, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तिथे बसा, रोज नको. तिथे लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते दिसतं. माझ्या गिऱ्हाइकांच्या साइटवर लोक ‘वायगाव हळद’ देवनागरीत कमी आणि रोमन लिपीत जास्त टाकतात, त्यातही स्पेलिंग चार प्रकारची, आणि नागपूरकडचे तर ‘हल्दी’च लिहितात. पानाच्या मजकुरात हे शब्द सहजपणे आले पाहिजेत. शुद्धलेखनाचा अभिमान इथे जरा बाजूला ठेवा.

जाताजाता, वायगाव हळदीला 2016 मध्ये जीआय मिळाला, हे तुम्ही साइटवर ठळक लिहिलं आहे. लिहा, पण जीआयचं चिन्ह पाकिटावर आणि साइटवर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी हवी. ती झाली नसेल तर या महिन्याचं ‘बांधकाम’ म्हणजे तो अर्जच समजा. स्लायडरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मग रोजचे दोन तास? आपल्याकडे ते घड्याळापेक्षा लाइनवर ठरतात. लॅपटॉप लागतो ते काम वीज असताना, फोनवर होतं ते वीज गेल्यावर. भारनियमनात ज्या रात्री लाइन जाते, ती तुमची सांगायची रात्र. गिऱ्हाइकाला उत्तर देणं, स्टेटसला फोटो टाकणं, जुन्या गिऱ्हाइकाला ‘मागच्या वर्षीची हळद कशी निघाली?’ विचारणं, याला वीस टक्के बॅटरी पुरते. माझ्याकडच्या एका पोरानं हे इतकं मनावर घेतलं की लाइन गेली की त्याची आई म्हणते, ‘झालं, याची हळद सुरू झाली.’

सांगायचं कोणाला, यात मी फार फाटे फोडत नाही. तुम्ही लिहिलं आहे की मागच्या वर्षी ओळखीतल्या चौदा घरांनी हळद नेली. तुमचा पहिला प्रचार तिथेच. त्यांना आधी स्वतः फोन, मग लिंक. आणि एक मागणी करा: ‘माझा नंबर सेव्ह करा.’ व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच निरोप पोचतो. हे न कळल्यामुळे लोक दोनशे जणांना निरोप पाठवतात आणि कोणीच बोललं नाही म्हणून खचतात. निरोप पोचलेलाच नसतो. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग आणि ठरलेली उत्तरं ठेवता येतात. तेवढं एका रात्रीत होतं.

गूगल मॅपवर नोंद करा. खेड्यात पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे’, त्यानं नकाशा चालत नाही. मॅपमध्ये आपल्या घरावर बोट दाबून धरलं की प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता, मिळतो, तो वापरा. फेसबुक, इन्स्टा वगैरे तुम्हाला आवडत असेल तर करा. आवडत नसेल तर ओढूनताणून केलेलं लगेच दिसतं. डिसेंबरात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे प्रदर्शन भरतं, तिथे गेलात तर खिशात साइटचा क्यूआर छापलेली कार्डं असू द्या. शंभर कार्डांचा खर्च जास्त नाही, आणि हे मी छपाईवाला म्हणून सांगत नाही (थोडं म्हणूनही सांगतो).

आता हे सगळं कोणाला लागू नाही तेही बोलायला हवं. तुमची साइट पोलीस भरतीच्या सरावप्रश्नांची किंवा बाजारभावाची असती, तर मी उलटं सांगितलं असतं. तिथे मजकूर हाच माल आहे, शे-दीडशे पानं चढेपर्यंत सांगायला काही नसतं. बोअरवेल किंवा ट्रॅक्टर भाड्यानं देणाऱ्याला मी बरेचदा साइटच नको म्हणतो, मॅपवरची नोंद आणि चांगले अभिप्राय पुरतात. आणि हळदीतही, तुमचा सगळा माल जर एकच नागपूरचा दुकानदार चांगल्या भावानं उचलत असेल, तर साइट हे फक्त तुमचं ओळखपत्र, त्याला आठवड्याचा एक तास खूप झाला. दीड एकरात सुकी हळद किती निघते आणि त्यातली किती किरकोळीत विकायची आहे, हा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. तो आधी कागदावर मांडा. समजा दोन क्विंटलच किरकोळीत काढायची असेल, तर पाच-पाच किलो घेणारी चाळीस घरं लागतात. चाळीस घरांसाठी गूगलच्या पहिल्या पानावर यायची मारामारी करावी लागत नाही. चौदा आहेत, प्रत्येकानं दोन घरं सांगितली की झालं.

कुरियरचं तेवढं आत्ताच तपासा. खासगी कुरियरवाले तुमच्या गावात उचलायला येतात का, की प्रत्येक पार्सलला हिंगणघाट गाठावं लागतं? माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना शेवटी गावच्या पोस्टानंच तारलं. किलोभराच्या ऑर्डरीवर टपालखर्च अंगावर येतो, म्हणून दोन किलोपासून पुढेच पाठवतो असं स्वच्छ लिहा. हा निर्णय घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण तो न घेतल्यामुळे होणाऱ्या फोनाफोनीत महिना जातो.

वडील म्हणतात, ‘साइटीवर हळद पिकते का बे?’ असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. हळद कशी उकळायची, कढईतून काढल्यावर शिजली की नाही हे काडी टोचून कसं ओळखायचं, हे ते बोलतील तेव्हा फोनवर दोन मिनिटं चित्रण करा. तुमच्या साइटवर याहून चांगलं काही येणार नाही. आणि तो व्हिडिओ चौदा घरांना पाठवणं म्हणजे प्रचारही झाला. फक्त ते उकळणं फेब्रुवारीत आहे. तोवर आज रात्री चौदापैकी तीन घरांना फोन लावा. साइट अर्धवट आहे हे तुम्हीच आधी सांगून टाका, म्हणजे हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, आणि मग विचारा की हळकुंडं हवीत की दळलेली.